हाड शाबूत असलेला दात

बंगळुरातल्या सर्जापूर रोडवरच्या एका दातांच्या डॉक्टरने मला फसवलं. खालच्या पुढच्या चारही दातांचं हाड गेलंय असं सांगून त्याने त्यातला एक दात काढला, आणि त्या दाताचं हाड शाबूत होतं. उरलेले तीन तो पुढच्या शनिवारी काढणार होता.

हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग आहेच, पण तो काही नवा नाही. इथल्या शिवाजीनगरच्या बाजारात माझ्या दुकानाच्या आजूबाजूला कुणालाही विचारा. रागात मी बोलते. लिहायला बसले आहे ती डोकं थंड करून.

आमचं घर शिंप्यांचं. बंगळुरात आम्ही किती पिढ्यांपासून आहोत ते घरात कुणालाच धड सांगता येत नाही. लग्नानंतर एका जिन्याखाली मशीन टाकून मी ब्लाउज शिवायला सुरुवात केली. आज माझं अस्तर, फॉल, लेस, बटणांचं दुकान आहे आणि ते कुणी मला हातात आणून दिलेलं नाही. माल घेताना सुरतेच्या व्यापाऱ्याशी हिंदीत, गिऱ्हाइकांशी कानडीत आणि तमिळमध्ये, शेजारच्या दुकानदारांशी दखनीत, अशी माझी दिवसभर घासाघीस चाललेली असते. या सगळ्या भाषांत मी समोरच्याला घाम फोडू शकते. मराठीत मात्र मी आयुष्यात कधी भाव केला नव्हता. मराठी घरातली. तिच्यात आम्ही जेवतो, रुसतो, देवापुढे दोन शब्द बोलतो. भाव करायला समोर मराठी दुकानदार कधी आलाच नाही.

आता दातांचं. शिवणकाम करणारी बाई धागा तोडायला कात्री शोधत बसत नाही. धागा सुळ्यात धरायचा, मान जरा हिसडायची, तुटला. टाचण्या पुढच्या दातांत धरायच्या. वर्षानुवर्षं असं केल्यावर माझे खालचे दोन्ही सुळे झिजून तुटायला आले, तेव्हा बाजारातल्याच एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी दोन्हींवर धातूच्या कॅप बसवल्या. त्या कॅपांनी मला कधी त्रास दिला नाही. त्रास सुरू झाला तो दोन सुळ्यांच्या मधल्या चार दातांचा. हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि डावीकडचा एक दात जिभेने ढकलला की हलायचा.

माझी मुलगी आयटीत आहे आणि सर्जापूर रोडला राहते. ती म्हणाली, "आई, आमच्या सोसायटीसमोर एक मराठी डॉक्टर आलाय. पुण्याचा. तिथं जाऊ. तुला बरं वाटेल बोलायला."

मला खरंच बरं वाटलं. दवाखाना गारेगार, सोफा मऊ, आणि डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाचा. खुर्चीत बसवता बसवता त्याने विचारलं, "काकू, मूळच्या कुठल्या तुम्ही?"

"इथल्याच."

"इथल्या? आणि मराठी एवढी छान?"

"घरात बोलतो आम्ही."

"गोड आहे हो तुमची मराठी. जुन्या वळणाची."

आमची मराठी ऐकून पुण्या-मुंबईची माणसं आधी हसतात, मग गाव विचारतात. गोड आहे असं मला कुणी म्हटलं नव्हतं. बाजारात सगळे मला अक्का म्हणतात, आणि अक्का म्हणणारा माणूस पुढच्या वाक्यात काहीतरी कमी करून मागतो हे मला पाठ आहे. काकू म्हणणाऱ्यापासून कसं सावध राहायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्याने आधी साधा एक्स-रे काढला आणि पडद्यावर दाखवला. "काकू, यात पुढचं आणि मागचं हाड एकावर एक दिसतं. ओठाकडची भिंत उभी असेल तर जिभेकडची पडलीय ते कळतच नाही. म्हणून थ्री-डी स्कॅन करून घेऊ. त्यात चहूबाजूंनी दिसतं."

हे त्याने खरं सांगितलं. जे खरं ते मी खरंच म्हणणार.

स्कॅनचं सेंटर त्याच रस्त्यावर पुढे होतं. तिथल्या मुलीने कानातलं, मंगळसूत्र, चमकी सगळं काढायला लावलं. "धातू असला की चित्र बिघडतं, अक्का," ती कानडीत म्हणाली. मी तोंड उघडून तिला कॅप दाखवल्या. "या निघतात का?" तिने विचारलं. निघत नाहीत म्हटल्यावर ती म्हणाली, "मग बिडी." म्हणजे राहू दे. मी हनुवटी एका पट्टीवर टेकवली, प्लास्टिकची काडी पुढच्या दातांत धरली, कानशिलांना दोन आधार लागले आणि यंत्राचा हात डोक्याभोवती गोल फिरला. दुखलं काहीच नाही. गळा आणि कान मोकळे होते, तेवढंच विचित्र वाटलं.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरने पडद्यावर माझा जबडा लिंबासारखा फिरवून दाखवला. मुलगी पुढे वाकून बघत होती. मग त्याने एक चित्र आणून थांबवलं. जबडा आडवा कापून वरून बघावा तसं ते चित्र होतं. दोन्ही सुळ्यांच्या जागी पांढरे लखलखीत गोळे, त्यांच्यातून किरण फुटल्यासारखे, आणि दोन्हींच्या मध्ये, पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला, एक काळा पट्टा.

"हे काळं दिसतंय ना? इथलं हाड गेलंय."

"हलतो तो एकच आहे," मी म्हटलं.

"आज एक हलतोय, काकू. बाकीचे त्याच वाटेवर आहेत. चारही काढू, स्क्रू बसवू, वर नवे दात. पुढची वीस वर्षं बघायला नको."

माझ्या दुकानात कुणी नुसती वरची घडी बघून अस्तर घेत नाही. वरची घडी सगळेच चांगली ठेवतात. कापडाचं थान उघडायचं, उजेडात धरायचं, मधे कुठे विरलंय का बघायचं, मग बोलायचं. त्या पडद्यावर माझ्या जबड्याचं थान होतं आणि मला एकच घडी दाखवली जात होती, हे मला तिथल्या तिथे कळलं. हाच माणूस कानडीत बोलत असता तर मी म्हटलं असतं, हे राहू दे, याच्या खालचं काढ, त्याच्याही खालचं काढ. मराठीत ते वाक्य माझ्या तोंडात आलंच नाही. आपल्या माणसावर असा संशय घ्यायचा कसा, तेही आपल्याच भाषेत. मी म्हटलं, "बरं डॉक्टर, तुम्ही म्हणाल तसं."

दात काढायचे ठरले. "उजवीकडून सुरुवात करू, म्हणजे मला हात नीट पोचतो," तो म्हणाला. हलणारा दात डावीकडचा होता.

सुईने ओठ बधिर झाला. दुखत नव्हतं, पण आवाज सगळा आत ऐकू येत होता, वाळलेलं लाकूड पिळावं तसा. तो चिमटा धरून डोलवत होता, थांबत होता, पुन्हा डोलवत होता. चिमटा बदलला. त्याच्या कपाळावर घाम आला आणि सहायक मुलीने तो टिपला. मी खुर्चीचे हात धरून छताकडे बघत होते. माझ्या मनात एकच प्रश्न होता. ज्याचं हाड गेलंय तो दात याला एवढा का झगडायला लावतोय?

तेवढ्यात तोच म्हणाला. मला नाही, त्या मुलीला. "फारच घट्ट बसलाय हा. हाड काय आहे यांचं."

एकदाचा दात निघाला. त्याने हातमोजे काढले आणि म्हणाला, "काकू, आज एवढंच पुरे. तीन शनिवारी करू. तुम्हीही दमलात." दमला होता तो.

माझ्या तोंडात कापूस होता. मी बोटाने ट्रेकडे दाखवलं.

"दात? काय करणार, काकू? टाकून देतो आम्ही."

मी मान हलवली आणि हात पुढे केला. हसत हसत त्याने एका पुडीत घालून दिला.

घरी हे वाटच बघत होते. माझ्या नवऱ्याला आयुष्यात माझ्याशी वाद जिंकायची संधी फारशी मिळालेली नाही, मिळते तेव्हा ते ती सोडत नाहीत. सगळं ऐकून म्हणाले, "अख्खं शिवाजीनगर तुला घाबरतं. आणि पुण्याच्या एका पोराने काकू म्हटलं तर तू तोंड उघडून बसलीस."

"हाड गेलंय म्हणून काढला," मी म्हटलं.

"मग निघत का नव्हता?"

दुसऱ्या दिवशी दुकानात बोलताना जीभ त्या खिंडीतून बाहेर जायची आणि सगळ्या शब्दांत वारा शिरायचा. एका जुन्या गिऱ्हाईक बाईने विचारलं, "अक्का, बोलणं असं का झालं?" मी सांगितलं. ती म्हणाली, बाजाराच्या मागच्या गल्लीत हिरड्यांच्या एक डॉक्टर आहेत, वयस्कर, कानडी. दात काढायच्या फार विरुद्ध. शनिवारच्या आत त्यांना दाखव.

मी सर्जापूर रोडला फोन करून स्कॅन मागितला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आंटी, सरांनी बघितलाय ना? तुम्हाला तो कळणार नाही." माझा जबडा मला कळणार नाही. मी थेट सेंटरला गेले आणि पेन ड्राइव्हवर घेऊन आले.

या दुसऱ्या डॉक्टरबाईंचा दवाखाना म्हणजे एक खोली, पण पडदा मोठा होता. बसण्याआधीच मी त्यांना कानडीत सांगितलं, "एक चित्र दाखवायचं नाही. सगळी दाखवायची."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "सगळी शेकडो असतात, अक्का. मधे कॉफी मागवू का?"

"मागवा. पण सगळी."

त्यांनी तेच चित्र काढलं. पांढरे गोळे, काळा पट्टा. तो पट्टा तिथेही तसाच दिसत होता. मग त्यांनी माऊस फिरवायला सुरुवात केली आणि चित्र जबड्यात खाली खाली उतरू लागलं. पांढरे गोळे लहान झाले आणि गेले.

"नोडी," त्या म्हणाल्या, म्हणजे बघा. "आता कॅप संपल्या. काळं कुठं गेलं?"

गेलं होतं. उजवीकडच्या दातांच्या मागे राखाडी हाड होतं, रव्यासारखं बारीक दाणेदार, मुळांना चारी बाजूंनी धरून.

"धातूच्या दोन कॅप समोरासमोर एका पातळीत असल्या की मधली जागा चित्रात काळी पडते," त्या म्हणाल्या. "तिथलं हाड जात नाही. तिथलं चित्र जातं. हे या यंत्राचं नेहमीचं आहे."

"नेहमीचं म्हणजे सगळ्या डॉक्टरांना ठाऊक असतं?"

त्या माऊस फिरवत राहिल्या. डावीकडच्या हलणाऱ्या दातापाशी त्या थांबल्या. तिथे कॅप संपल्यावरही काळं संपत नव्हतं. जिभेच्या बाजूने ते मुळाच्या मध्यापर्यंत उतरत गेलं. "हे मात्र खरं आहे. इथे हाड गेलंय. साध्या एक्स-रेत हे दिसलं नसतं, ओठाकडचं हाड पुढे उभं आहे. स्कॅन केला हे चांगलं झालं."

म्हणजे यंत्राने मला फसवलं नव्हतं. यंत्राने खरं आणि सावली दोन्ही समोर ठेवलं होतं, आणि दोन्हींतला फरक बघायला फक्त खाली उतरायला हवं होतं.

"आता हाताने बघू," त्या म्हणाल्या. "मी नुसत्या चित्रावर विश्वास ठेवत नाही."

त्यांनी खुणा असलेली एक बारीक सळई घेतली. ती दात आणि हिरडीच्या फटीत सरकवायची. हाड असेल तिथे ती लगेच अडते, नसेल तिथे आत जाते. त्या एकेका दाताभोवती सळई फिरवत होत्या. मला आयुष्यात एवढी भीती वाटलेली आठवत नाही. चित्र काहीही म्हणो, सळई आत गेली तर हेही दोन दात गेले. पहिल्या दातापाशी ती अडली. पुढे, मागे, बाजूला, सगळीकडे अडली. दुसऱ्यालाही अडली. डावीकडच्या हलणाऱ्या दाताला जिभेच्या बाजूने ती सरळ खाली गेली आणि मी कळवळले.

"हा एक," त्या म्हणाल्या. "हिरडीच्या आतून साफ करू. टिकेल की नाही ते आज सांगत नाही, पण आज काढायचं कारणही नाही. टाचण्या मात्र दातांत धरायच्या नाहीत."

"त्याने ही सळई घातली नव्हती," मी म्हटलं. मला तेव्हाच लक्षात आलं. त्याने माझ्या हिरडीला काहीच लावलं नव्हतं. नुसता पडदा.

मग मी पर्समधून पुडी काढली. त्यांनी दात दिव्याखाली धरला, उलटासुलटा केला, भिंग घेतलं.

"हाड गेलेल्या दाताच्या मुळावर दगडासारखा थर चढतो," त्या हळू म्हणाल्या. "हे मूळ स्वच्छ आहे. धरून ठेवणारे तंतू अजून चिकटलेत, अगदी दाताच्या मानेपर्यंत. हा हाडात बसलेला होता, अक्का."

मी त्यावर काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. कानडीत अशा प्रसंगाला भरपूर शब्द आहेत आणि मला ते सगळे येतात. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं? आता हात पुढे करा, तुमचं बीपी बघते."

"त्याने मुद्दाम केलं की त्याला कळलंच नाही?"

"तुमच्या तोंडात काय आहे ते मी सांगू शकते. त्याच्या मनात काय होतं ते त्याला विचारा."

शनिवारी मी वेळेवर गेले. मुलगी सोबत होती, रडकुंडीला आलेली, कारण डॉक्टर तिनेच शोधला होता. तो आला, तसाच हसत. "या काकू, तयार?"

"आधी चित्र लावा," मी म्हटलं. "तेच लावा. आणि आता खाली उतरा."

त्याचं हसू जरा जाग्यावर राहिलं आणि मग गेलं. त्याने चित्र लावलं, पण उतरला नाही. "काकू, तुम्ही दुसरीकडे दाखवलंत का?"

"खाली उतरा."

"बघा, स्कॅनमध्ये तसं दिसत होतं. सेंटरने मेटलबद्दल रिमार्क द्यायला हवा होता."

"कॅप माझ्या तोंडात आहेत. तोंड तुमच्यासमोर उघडं होतं."

"सगळा डेटा रिव्ह्यू होतो, काकू. टीम असते आमची."

"टीममधल्या कुणी बघितलं?"

मुलगी म्हणाली, "आई, हळू बोल."

"मी हळूच बोलतेय. जोरात बोलले तर रस्त्यावर ऐकू जाईल."

बाहेर सोफ्यावरची माणसं काचेतून बघायला लागली होती. त्याने दार लोटून घेतलं आणि आवाज मऊ केला. "काकू, झालं ते झालं. तुम्ही आपल्या आहात. त्या जागी मी तुम्हाला इम्प्लांट बसवून देतो, काही घेणार नाही. आणि खरं सांगू? तिथलं हाड उत्तम आहे. स्क्रू मस्त बसेल."

तो हे मला समजवायला म्हणाला. आपण काय बोललो ते त्याला कळलं नाही. माझ्या मुलीला कळलं. तिने माझा दंड धरला होता तो सोडला. मी खुर्चीत न बसताच बाहेर आले.

वाटेत मी स्कॅन सेंटरला गेले. ते म्हणाले, आम्ही फक्त काढून देतो, वाचायचं काम डॉक्टरांचं. मुलीने दवाखान्याला लेखी विचारलं. उत्तर आलं की उपचार रुग्णाच्या संमतीने झाले आहेत. संमती मी दिली होती, हे खरं. मला जे सांगितलं गेलं, त्या गोष्टीला दिली होती. बाजारात माझ्यावर कुणी कुजका माल खपवला तर मी त्याच्या दारात जाऊन उभी राहते आणि तो परत घेतो. हा दात कुणालाच परत घेता येत नाही. उरलेले तीन माझ्या तोंडात आहेत, त्यातला एक अजून भरवशाचा नाही, आणि त्यांच्या शेजारी एक खिंड आहे जिला कुणी आपलं म्हणत नाही.

मला फुकटचा स्क्रू नको. माफीही नको, ती मऊ आवाजात कुणालाही मागता येते. डॉक्टर, माझ्या दाताला चिमटा लावण्याआधी तुम्ही कॅपांच्या खालची चित्रं उघडली होती की नाही? उघडली असतील तर हाड बघून तुम्ही दात काढलात. उघडली नसतील तर न बघता काढलात. तिसरं उत्तर नाही. टीमने सांगायचं नाही, सेंटरने सांगायचं नाही. चिमटा ज्याच्या हातात होता त्याने सांगायचं, आणि माझ्यासमोर उभं राहून सांगायचं.